सांगणाऱ्याचे चित्र, ऐकणाऱ्याचा हात

घरातील वृद्ध व्यक्तीशी आपण दिवसभरात काय बोलतो, याची एकदा नोंद करून पाहावी. ‘गोळी घेतली का?’, ‘जेवण झाले का?’, ‘कठडा धरून चाला.’ या वाक्यांत काळजी असते, परंतु ज्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवले त्यांच्या वाट्याला आता ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच उरते. कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कशेळे आणि भोवतालच्या वाड्यांसारख्या ठिकाणी आषाढ-श्रावणाच्या पावसात वयस्कर माणसांचे बाहेर पडणेही थांबते आणि मग दिवस अधिकच मुके होतात. अशा दिवसांत सांगण्याचा मान त्यांच्याकडे परत नेणारा एक साधा उद्योग आहे. एकाने अमूर्त चित्र शब्दांत सांगायचे आणि दुसऱ्याने ते न पाहता कागदावर उतरवायचे.

अमूर्त चित्रच का?

‘आंब्याचे झाड’ असे म्हटले की सांगणाऱ्याचे काम संपते. ऐकणारा आपल्या मनातला आंबा काढून मोकळा होतो. ज्या आकाराला नावच नाही, तो सांगताना मात्र नीट पाहावे लागते. तो केवढा आहे, कोठे आहे, कशाला टेकला आहे, कोणीकडे झुकला आहे, हे सारे शब्दांत आणावे लागते. पाहणे, शब्द शोधणे, क्रम लावणे आणि ऐकणाऱ्याला कळले की नाही याचा अंदाज घेणे, ही कामे मन एकाच वेळी करते.

सगळीच अमूर्त चित्रे मात्र यासाठी योग्य नव्हेत. १९२४ साली नागपूर येथे जन्मलेले थोर चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगांचे थर चढवीत. त्या थरांतील तरलता शब्दांच्या चिमटीत सापडत नाही. सय्यद हैदर रझा यांच्या ‘बिंदू’ मालिकेतील एखादे चित्र घेतले, तर ‘चौकटीत मोठे काळे वर्तुळ’ एवढ्या शब्दांतच त्याचा सांगाडा उभा राहतो. आरंभी असेच ठळक, मोजक्या आकारांचे चित्र निवडावे.

ठिपक्यांची भाषा

ही कला आपल्या अंगणाला नवी नाही. ठिपक्यांची रांगोळी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांगितली गेली. ‘सात ते चार’ असे कोणी म्हटले की जाणकार स्त्री मधल्या ओळीत ७ ठिपके देते, तिच्या वर आणि खाली ६, ५ आणि ४ ठिपक्यांच्या ओळी मांडते. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेसमोर येतो. तीन शब्दांत ३७ ठिपक्यांची षटकोनी मांडणी उभी राहते. हे शब्द इतके थोडे पुरतात, कारण सांगणारी आणि ऐकणारी यांच्यात आधीची ओळख असते.

अशी ओळख नव्यानेही घडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि डीॲना विल्क्स-गिब्ज यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीतील एकाने टँग्रॅमच्या १२ अनोळखी आकृत्यांचे वर्णन करायचे होते आणि दुसऱ्याने त्याच क्रमाने कार्डे लावायची होती. पहिल्या फेरीत प्रत्येक आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत केवळ ८.

२००६ साली प्रसिद्ध झालेला आयोवा विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास काळजीवाहकांना विशेष धीर देणारा आहे. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाल्याने नव्या गोष्टी लक्षात न राहणाऱ्या रुग्णांनी परिचित व्यक्तीसोबत असाच खेळ खेळला. फेऱ्यांगणिक त्यांची वर्णनेही आटोपशीर होत गेली. स्मरण क्षीण झाले तरी जवळच्या माणसासोबत नवे शब्द रुजू शकतात, हे त्यातून दिसले.

घरी कसे करावे?

जाड काळ्या रेघेने काढलेले तीन ते पाच आकार पुरेत. दोघांनी एकाच दिशेला तोंड करून शेजारी बसावे. समोरासमोर बसल्यास एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे होते आणि गोंधळ उडतो. मध्ये पुठ्ठा उभा करावा.

पहिल्यांदा चित्र वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावे. कागद उभा की आडवा, सर्वांत मोठा आकार कोणता आणि कोठे, मग त्याच्या आधाराने लहान आकार, असा क्रम ठेवावा. माप सेंटिमीटरमध्ये नको. ‘भाकरीएवढे गोल’, ‘विळ्यासारखी वळलेली रेघ’, ‘उलट्या इरल्यासारखा आकार’ असे सांगू द्यावे. अक्षरओळख नसली तरी काही अडत नाही. नातवाला इरले ठाऊक नसेल, तर आजीने ते समजावून सांगावे. आवणाची, चिखलाची, पावसाची गोष्ट तेथूनच निघते.

ऐकणाऱ्याने वाटेल तितके प्रश्न विचारावेत, पण ‘असे नाही, नीट सांगा’ म्हणून टोकू नये. पंधरा मिनिटांत खेळ थांबवून दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. मग भूमिका बदलाव्यात. तेच चित्र दोन-तीन दिवसांनी पुन्हा घेतले, की शब्द कसे कमी होतात ते स्वतःच अनुभवता येईल. मुले दूर राहत असतील, तर दूरध्वनीवरही हा खेळ रंगतो.

मर्यादा ओळखाव्यात

हा उपचार नव्हे आणि परीक्षाही नव्हे. गुण देऊ नयेत, चुका मोजू नयेत. मोतीबिंदू किंवा बहिरेपणा असल्यास चष्मा, श्रवणयंत्र आणि भरपूर उजेड यांची सोय आधी करावी. पक्षाघातानंतर शब्द आठवत नसतील, तर खुणांना मुभा द्यावी किंवा त्यांना ऐकून काढण्याची भूमिका द्यावी आणि वाचोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कागदाची एकच बाजू वारंवार रिकामी राहत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका हातातील बळ गेले, तर खेळ तेथेच सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

दोन चित्रे तंतोतंत जुळणार नाहीत आणि तशी अपेक्षाही धरू नये. जेथे ती वेगळी होतात, तेथे ‘तुला काय वाटले होते?’ असा प्रश्न येतो. ज्या घरात बोलणे गोळ्या आणि जेवणाच्या वेळांपुरते उरले आहे, तेथे या प्रश्नासाठी तरी एक कागद आणि एक पेन्सिल जरूर काढून ठेवावी.