ठिपक्यांचे तरस : अपसमज आणि वस्तुस्थिती

भ्याड, घाणेरडे आणि दुसऱ्याच्या शिकारीवर जगणारे जनावर, अशी तरसाची प्रतिमा लोकमानसात रूढ आहे. आफ्रिकेतील ठिपक्यांच्या तरसाच्या वाट्याला तर ही बदनामी सर्वाधिक आली. शास्त्रीय निरीक्षणांतून मात्र वेगळीच वस्तुस्थिती पुढे आली आहे.

टांझानियातील न्गोरोंगोरो येथे सकाळच्या वेळी मेलेल्या जनावरावर सिंह ताव मारीत असल्याचे व तरसे दूर ताटकळत असल्याचे दृश्य नेहमी दिसे. शिकार सिंहाचीच, असा निष्कर्ष त्यावरून काढला जाई. १९६० नंतरच्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हॅन्स क्रूक यांनी रात्री तरसांचा माग घेतला, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. वाइल्डबीस्ट व झेब्रे यांची शिकार तरसांनीच केलेली असे. सिंह ती मागाहून बळकावीत.

दिसण्यात कुत्र्यासारखे असले, तरी तरसाचे नाते मुंगसाच्या कुळाशी अधिक जवळचे आहे. ठिपक्यांची तरसे कळपाने राहतात व कळपात माद्यांचे वर्चस्व असते. पिलांना वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ आईचे दूध मिळते. ज्याला आपण त्यांचे विकट हास्य म्हणतो, तो वस्तुतः भीतीच्या वा उत्तेजित अवस्थेतील आवाज होय.

मृत जनावरेही ती खातात. परंतु हा दोष नसून उपकार आहे. इथिओपियातील मेकेले शहरात झालेल्या एका अभ्यासानुसार तेथील तरसे वर्षाकाठी सुमारे २०७ टन मृत जनावरांचे अवशेष फस्त करीत होती. त्यामुळे माणसे व गुरे यांच्यातील काळपुळी आणि क्षय या रोगांच्या प्रसारास काही अंशी आळा बसत असल्याचे अभ्यासकांचे अनुमान आहे.

ठिपक्यांचे तरस आज भारतात आढळत नाही. महाराष्ट्रात आहे ते त्याचे भाईबंद, पट्ट्यांचे तरस. ते आकाराने लहान, लाजाळू व निशाचर असून मुख्यतः मृत जनावरांवर जगते. मजबूत जबड्यांनी ते हाडेही फोडून खाते. १९९० नंतरच्या काळात गिधाडांची संख्या झपाट्याने घटल्यामुळे, गावकुसाबाहेर टाकलेल्या मृत गुरांची विल्हेवाट लावण्याच्या कामी या प्राण्याचे महत्त्व वाढले आहे.

तरस क्वचित शेळ्या-मेंढ्या मारते, हे नाकारता येत नाही. तथापि मृत जनावरावर विष टाकणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्या विषाने उरलीसुरली गिधाडे व गावातील कुत्रीही मरतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये तरसाची हत्या हा गुन्हा आहे. पशुधनाच्या हानीबद्दल शासनाकडून नुकसानभरपाईची तरतूद असून, त्यासाठी वनविभागास त्वरित कळविणे आवश्यक आहे. ही माहिती पंचायत सदस्यांनी पशुपालकांपर्यंत आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्यास, केवळ अपसमजापायी होणारी या प्राण्याची हत्या टळू शकेल.