दोष मोटरचा की पंख्याचा?

बास बोटीची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: मोटरमध्ये दम राहिला नाही. मागच्या हंगामात ताशी 70 मैल, म्हणजे जवळपास 112 किलोमीटर वेगानं धावणारी बोट आता 64 मैलांवर अडकते. मालक प्लग बदलतो, इंधनाचा फिल्टर बदलतो, मेकॅनिककडे नेऊन मोटरला संगणक जोडून घेतो. मोटर अनेकदा ठणठणीत निघते. बिघाड तिच्या तळाशी, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात किंवा तो ज्या उंचीवर बसवलाय त्या मोजमापात असतो.

बास बोट अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या धरणांच्या जलाशयांत घडली. 1948 साली लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मंडनं बास माशाच्या शिकारीसाठी बेतलेली बसकी, अरुंद नाव बांधली आणि तिला ‘स्कीटर’ म्हटलं. 1967 मध्ये रे स्कॉटनं आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास मासेमारीची स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातल्या फ्लिपिन गावात फॉरेस्ट वुडनं ‘रेंजर’ बोटी बांधायला घेतल्या. स्पर्धेमुळे बोटीचं रूप पालटलं. दिवसाचे ठरावीक तास हातात, मासे मात्र तीस-चाळीस मैलांवरच्या खाडीत. प्रवासात वाचलेली मिनिटं गळ टाकायला मिळतात. मोठ्या स्पर्धांनी मोटरच्या ताकदीवर मर्यादा घातली आणि 250 अश्वशक्ती हा बराच काळ शिरस्ता राहिला. ओल एव्हिनरूडनं 1909 मध्ये मिलवॉकीत विकायला काढलेली मोटर दीड अश्वशक्तीची होती, हे लक्षात घेतलं तर 250 म्हणजे केवढी झेप! पण सगळ्यांकडे सारखीच ताकद असली की फरक उरतो तो जुळणीचा.

जुळणीतला पहिला आकडा पंख्याचा ‘पिच’. लाकडात फिरणारा स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत सरकतो, तसं पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकायला हवा, ते माप म्हणजे पिच. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, म्हणून पंखा त्याहून थोडा कमीच सरकतो. ही तूट म्हणजे ‘स्लिप’. एका मैलात 63,360 इंच, तासात 60 मिनिटं, भागाकार 1056. इंजिनाचे मिनिटाला फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचं गुणोत्तर गुणिले 1056, की ताशी मैलांत आदर्श वेग मिळतो. 5800 फेरे, 25 पिच आणि 1.75 गुणोत्तर घेतलं तर तो साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास येतो. बोट प्रत्यक्षात 70 नं धावत असेल तर स्लिप सुमारे 11 टक्के, जी चांगली म्हणावी.

आता 64 वर अडकलेल्या बोटीकडे वळू. फेरे मोजणारा टॅकोमीटर अजूनही 5800 दाखवत असेल तर मोटर पूर्वीइतकेच फेरे देते आहे. स्लिप मात्र 18 टक्क्यांवर गेली आहे. अशा वेळी इंजिन उघडण्याआधी पंखा बघा, उंची बघा. उलट काटा 5300 पर्यंतच चढत असेल तर स्लिप जुनीच, 11 टक्के. म्हणजे पंखा पाण्याला नीट धरून आहे, पण त्याला तितक्या वेगानं फिरवणारी ताकद कमी पडते; इथे इंजिन, इंधन किंवा बोटीवरचं ओझं तपासायचं. दोन्ही बोटींचा वेग एकच, पण दुखणं वेगळं. नुसता वेग सांगून सल्ला मागणाऱ्याला म्हणूनच उत्तर देता येत नाही. वेग जीपीएसचाच घ्यावा. पाण्याच्या दाबावर चालणारा जुना काटा भरवशाचा नाही. आणि हिशेबात स्लिप शून्याखाली आली तर आनंदून जाऊ नका: पिचचा, गिअरचा किंवा टॅकोमीटरचा आकडा चुकलेला असतो.

पूर्ण थ्रॉटलला इंजिन निर्मात्यानं दिलेल्या फेऱ्यांच्या पट्ट्यात, तेही वरच्या टोकाजवळ पोहोचायला हवं. पोहोचत नसेल तर पिच कमी करायचा, मर्यादा ओलांडत असेल तर वाढवायचा. एका इंचामागे ढोबळमानानं 150 ते 200 फेऱ्यांचा फरक पडतो. जड पंखा लावून इंजिनाला कुंथत चालवणं मला सगळ्यात वाईट वाटतं. त्याचा भार पिस्टन-बेअरिंगांवर रोज पडतो आणि मालकाला कळतही नाही.

उंचीचं काम अधिक नाजूक. भरधाव बास बोट जवळजवळ पूर्ण पाण्याबाहेर असते. शेपटाकडच्या एका अरुंद सपाट पट्टीवर, ‘पॅड’वर ती तोललेली असते. मोटर जितकी वर, तितकं गिअरकेसचं पाण्यातलं ओढणं कमी. त्यासाठी मोटर आणि बोटीच्या मागच्या फळीमध्ये ‘जॅक प्लेट’ बसवतात. पंख्याच्या दांड्याचा मध्य पॅडच्या पातळीखाली सुमारे 3 ते 4 इंच ठेवून सुरुवात करायची आणि पाव-पाव इंचानं वर जायचं. डोळा मात्र पाण्याच्या दाबाच्या काट्यावर. मोटरला थंड ठेवणारं पाणी खालच्या छिद्रांतून येतं; ती उघडी पडली की दाब घसरतो, आणि दोन मैलांच्या हव्यासापायी अख्खं इंजिन भाजून निघतं.

उंची जास्त झाली की पंखा वरून हवा ओढतो, फेरे एकदम उसळतात आणि पकड सुटते. कधी या हवेचा उगम वेगळाच असतो: मासे शोधणाऱ्या सोनारचा ट्रान्सड्यूसर नेमका पंख्याच्या पुढे बसवलेला असतो आणि त्यामागे फेसाळलेलं पाणी थेट पात्यांवर येतं. याला लोक सर्रास ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात, पण ते वेगळं. त्यात पात्याच्या पाठीवरचा दाब इतका पडतो की पाणी थंड असूनही उकळतं, आणि ते बुडबुडे फुटताना धातूवर खड्डे पाडतात. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या जहाजाला 1894 मध्ये याच दुखण्यानं अडवलं होतं; तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवल्यावर ती धावली. बास बोटीत याचं मूळ बहुधा पात्याच्या पुढच्या धारेवरचा, दगडाला घासून पडलेला टवका असतो. तो वेळीच घासून घ्यावा. पातं वाकलं असेल तर पंखा दुरुस्तीवाल्याकडेच द्यावा.

मोटर ओरडते पण बोट उचलत नाही, हळू चालवली तर मात्र नीट चालते, असं असेल तर पंख्याच्या पोटातला रबरी ‘हब’ संशयित. खडकावरचा झटका गिअरपर्यंत जाऊ नये म्हणून तो असतो. झिजला की आतली नळी फिरते, पाती मागे राहतात. नळी आणि पंखा दोन्हींवर एकच सरळ रेघ मारा, बोट जोरात चालवून आणा, मोटर बंद करून पाहा. रेघ तुटली असेल तर हब गेला. पंखा काढलाच आहे तर दांड्याभोवती गळाची दोरी गुंडाळली गेली आहे का, तेही बघा. ती सील कापते, गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं.

बोट डॉल्फिनसारखी वरखाली उड्या मारत असेल तर आधी ट्रिम, म्हणजे मोटरचा कोन, आत घ्यावी. तरी थांबत नसेल तर तळ तपासावा. पॅडवर लांब सरळपट्टी धरली की मागे आलेला बाक दिसतो. आत गेलेला बाक नाक खाली दाबतो, बाहेर आलेला उड्या मारायला लावतो. ट्रेलरच्या चुकीच्या आधारांवर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या बोटीत असा बाक येऊ शकतो, आणि तो कुठलाही पंखा बदलून जात नाही.

चाचणी नेहमीच्या ओझ्यावरच करावी: टाकीत इंधन, सोबत दुसरा माणूस, मासे जिवंत ठेवायच्या टाकीत पाणी. या टाकीतलं शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. रिकामी बोट पळवून निवडलेला पंखा स्पर्धेच्या सकाळी बोटीला पॅडवर चढवतच नाही. एका वेळी एकच बदल, आणि उंची, फेरे, वेग, पाण्याचा दाब लगेच वहीत. 26 फुटांहून लहान बोटींसाठी अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून इंजिन बंद करणारी दोरी चालकाला जोडणं बंधनकारक आहे. चाचणीत तर ती हवीच, कारण बोट या कुशीवरून त्या कुशीवर डुलू लागते ती नेमकी उंची वाढवताना, सर्वाधिक वेगात.