खेळातली धून डोक्यातून जात का नाही?

दादरहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये कुणाच्या तरी मोबाइलमधून किणकिणती, जराशी चिरकी धून ऐकू येते. खिडकीपाशी पेंगत असलेला पस्तिशीचा प्रवासी दचकून जागा होतो. दोन-तीन सेकंदांचीच ती सुरावट, पण तेवढ्यात त्याला उन्हाळ्याची सुट्टी, चाळीतली गॅलरी, हातातला खेळ आणि 'आता पुरे, डोळे जातील!' ही आईची हाकही आठवते. शाळेतली कविता विसरली, जुना फोन नंबर विसरला. पण वीस वर्षांत एकदाही न ऐकलेली ही धून मात्र जशीच्या तशी शाबूत आहे. असे का होते?

ही धून बहुतेक वेळा 'पोकेमॉन'सारख्या खेळातली असते. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी हा खेळ 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आला. खेळणाऱ्याने एका मुलाची भूमिका घ्यायची, गावोगाव फिरायचे, प्राणी पकडायचे, लढती खेळायच्या, असे त्याचे स्वरूप. मुंबईत मूळ यंत्र मोजक्याच घरांत होते. बहुतेकांच्या हाती असायचा तो ठोकळे रचण्याचा 'ब्रिक गेम'. पुढे २००३च्या सुमारास 'पोकेमॉन' मालिका इथल्या टीव्हीवर दिसू लागली आणि सायबर कॅफेतल्या किंवा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकावर हा खेळ अनेकांनी खेळला. त्याच्या धुना जुनिची मासुदा यांनी रचल्या होत्या.

चार आवाजांत अख्खा वाद्यवृंद

गेम बॉयच्या चिपमध्ये एका वेळी चारच आवाज निघत. दोन आवाज चौकोनी लहरींचे, तिसरा संगीतकाराला हवा तसा घडवता येणारा आणि चौथा नुसता 'खस्स' असा खरखराट. पहिले दोन मुख्य चाल आणि तिची साथ सांभाळत, तिसरा बहुधा खर्ज धरी आणि चौथा तालवाद्याचे काम करी. तीन-चार स्वर एकत्र वाजवायचे असतील तर ते एकापाठोपाठ इतक्या झरझर वाजवत, की कानाला ते एकत्रच ऐकू येत. परदेशात विकला गेलेला हा सगळा खेळ, चित्रे आणि संगीत धरून, एका मेगाबाइटमध्ये मावत असे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याहून मोठा असतो.

यंत्राचा स्पीकर तर रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. एवढ्याशा स्पीकरमधून खर्जाचे स्वर नीट बाहेरच पडत नाहीत, तरीही ऐकणाऱ्याला खर्ज जाणवतो. ही करामत मेंदूची. कोणताही स्वर एकटा नसतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर त्याच्यासोबत असतात. मूळ स्वर गाळला आणि नुसते उपस्वर ऐकवले, तरी त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो आणि तो 'ऐकतो'. जुन्या टेलिफोनवरून ३०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी जवळजवळ जात नसत. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा. तरीही वडिलांचा आवाज फोनवर भारदस्तच वाटे, तो याच कारणाने.

उपस्वरांची ही किमया गिरगावकरांना नवी नाही. ऑपेरा हाऊसजवळ प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये संगीत विद्यालय सुरू केले. कुमार गंधर्व तिथेच शिकले. अशा कोणत्याही वर्गात तानपुरा सुरेल लागला, की खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. हा 'स्वयंभू गंधार' म्हणजे त्या तारेचा पाचवा उपस्वर. तानपुऱ्याच्या जवारीमुळे उपस्वर इतके ठळक का होतात, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता. तानपुऱ्यात उपस्वर प्रत्यक्ष असतो आणि कान तो टिपतो. छोट्या स्पीकरमध्ये मूळ स्वर जवळजवळ नसतोच आणि मेंदू तो भरून काढतो.

लालबाग-परळच्या बेंजो पार्टीतही थोडे असेच घडते. गायक नाही, शब्द नाहीत. ढोल-ताशाच्या दणदणाटावर एक चाल तेवढी वाजते आणि रस्त्यावरचा प्रत्येकजण गाणे मनात पुरे करतो. विशेष म्हणजे, कळा दाबून वाजवायचा हा बेंजो, म्हणजेच बुलबुल तरंग, ज्या वाद्यावरून आला असे मानतात ते 'ताइशोगोतो'ही जपानचेच. नागोया शहरात १९१२ मध्ये ते तयार झाले. म्हणजे लालबागच्या पोरांच्या कानावर जपानी करामत गेम बॉयच्या कितीतरी आधीपासून पडत होती!

आठवणीची खुंटी

धून लक्षात राहण्यामागे पहिले कारण आवर्तनाचे. अशा खेळात प्रत्येक गावाची, रस्त्याची, लढतीची धून ठरलेली असते. ती मिनिटभराची, संपली की पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या अवघड जागी मूल अडकले, की तीच धून शंभरदा कानावर पडते. दुसरे कारण जोडणीचे. धून, जागा, चित्र आणि जिंकण्याचा आनंद किंवा हरण्याची धास्ती हे सगळे मेंदू एकाच गाठोड्यात बांधतो. त्यातले एक टोक ओढले, की बाकीचे आपोआप बाहेर येते. भाद्रपदात लांबून आरतीच्या झांजा ऐकू आल्या, की उकडीच्या मोदकांचा वास आठवतो, तसेच हे.

तिसरे कारण वयाचे. लहानपणी मेंदू अधिक घडणशील असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी पोकेमॉन भरपूर खेळलेल्या ११ प्रौढांच्या मेंदूची तुलना न खेळलेल्या ११ जणांशी केली. खेळलेल्यांच्या मेंदूत, दृष्टीशी संबंधित भागात, त्या पात्रांच्या चित्रांना विशेष प्रतिसाद देणारी ठरावीक जागा आढळली. हा प्रयोग चित्रांचा होता, संगीताचा नव्हे, आणि त्यात सहभागी झालेले मोजकेच होते. तरीही बालपणीचा दीर्घ सराव मेंदूवर किती टिकाऊ खूण ठेवतो, हे त्यातून दिसते.

धून डोक्यात घोळतच राहिली आणि नकोशी झाली तर? ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठातील २०१५च्या प्रयोगांत च्युइंगम चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणे कमी वेळा घोळले. मनातल्या मनात गाताना जबडा-जिभेची जी यंत्रणा वापरली जाते, ती चघळण्यात गुंतते, असे त्याचे स्पष्टीकरण.

अफवा आणि खरा धोका

याच खेळातल्या 'लॅव्हेंडर टाउन' या गावाच्या उदास धुनेबद्दल एक अफवा अनेक वर्षे फिरते आहे. तिच्यातले अतिउंच स्वर फक्त मुलांना ऐकू येतात आणि ते ऐकून जपानमध्ये मुले आजारी पडली, काहींनी जीव दिला, असे सांगितले जाते. ही निव्वळ बनावट कथा आहे. मुलांना मोठ्यांपेक्षा उंच स्वर ऐकू येतात, एवढेच त्यात खरे.

या कथेला बळ मिळाले ते एका खऱ्या घटनेमुळे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानी टीव्हीवर पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. काहींना आकडी आली होती. कारण संगीत नव्हते, तो लखलखाट होता. ज्यांना प्रकाशाच्या उघडझापीमुळे आकडी येते, त्यांनी उजेड असलेल्या खोलीत, पडद्यापासून अंतर राखूनच खेळावे.

कानाला खरा धोका आहे तो धुनेचा नव्हे, आवाजाच्या पातळीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांनी ७५ डेसिबलचा ४० तास, एवढीच मर्यादा पाळावी. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे मोठ्यांसाठी ८९ डेसिबलला आठवड्याला पाचच तास उरतात. व्हिडिओ गेम आणि श्रवणदोष यांवरील १४ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गेमिंग सेंटरमधील आवाज ८० ते ८९ डेसिबलपर्यंत असल्याचे नोंदले आहे.

मुंबईत ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. लोकलचा खडखडाट, लाउडस्पीकरवरच्या घोषणा, गर्दीचा कलकलाट यांवर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवला जातो आणि शांत घरात आल्यावरही तो तसाच राहतो. अंतर्कर्णातल्या सुमारे पंधरा हजार केसपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला उंच स्वर जातात. कानात शिट्टीसारखा आवाज येणे, गर्दीत बोलणे न कळणे, टीव्हीचा आवाज वाढवावासा वाटणे या सूचना समजाव्यात. परळचे केईएम किंवा मुंबई सेंट्रलचे नायर यांसारख्या पालिका रुग्णालयांतही श्रवणचाचणीची सोय आहे.

उपाय साधे आहेत. आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. बाहेरचा गोंगाट रोखणारे, कानात नीट बसणारे इअरफोन वापरावेत, मात्र रस्ता किंवा रूळ ओलांडताना ते काढावेत. तासाभराने कानांना विश्रांती द्यावी. हाताच्या अंतरावर बोलणाऱ्याचे शब्द इअरफोन लावून ऐकूच येत नसतील, तर आवाज जास्त आहे असे समजावे. मुलांच्या फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते.

चार आवाजांच्या त्या चिपला गोडवा यायला मोठ्या आवाजाची गरज कधीच नव्हती. उरलेले मेंदू भरून काढत होता. आज लोकलमध्ये खेळणाऱ्या मुलालाही त्याची धून पस्तिशीत पुन्हा स्पष्ट ऐकू यायला हवी असेल, तर आवाजाचे बटण आजच थोडे खाली आणायला हवे.