गारठा आणि कोंबडीची पिले

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी. इथे उसाबरोबर कोंबड्याही पाळतात. पौषात नदीकाठी पहाटे हुडहुडी भरते. काही रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो. पिले पाळणाराला हे दिवस फार जपावे लागतात.

सकाळी पाहावे तो पाच-दहा पिले मेलेली! बाकीची पंख पाडून उभी. बुडाला शीट चिकटलेली. लोक म्हणतात, "हागवण लागली. रोग आला." रोग आला खरा. पण त्याला दार कोणी उघडून दिले? पुष्कळ वेळा गारठ्यानेच.

ते कसे, ते पाहू.

कोंबडीच्या अंगात सुमारे 41 अंश ऊब असते. नव्या पिलाला ती राखता येत नाही. त्याला अजून पिसे आलेली नसतात. गावठी पिलू आईच्या पंखाखाली शिरते. यंत्रात उबवलेल्या पिलाला आई कुठली?

आतड्याला आतून अस्तर असते. त्यावर मखमलीसारखी बारीक लव असते. ही लव अन्नातला रस शोषून घेते. अस्तर जंतूंना अडवून धरते. शेताच्या बांधासारखे त्याचे काम. हे अस्तर सारखे झिजते आणि सारखे नवे होते. त्यासाठी त्याला अन्न लागते.

पिले गारठली की एकमेकांच्या अंगावर चढतात. दाण्यापाण्याकडे जात नाहीत. पोटात जे असते, ते अंग गरम ठेवण्यातच खर्ची पडते. आतड्याची उपासमार होते. लव आखूड होते. अस्तराला फटी पडतात. बांध फुटला की पाणी घुसते, तसे जंतू आत शिरतात. मग हागवण लागते. यातून वाचलेले पिलूही मागे पडते. दाणा खाते, पण अंगी लागत नाही.

यावर उपाय काय?

पिले आणण्याआधीच जागा उबदार करा. खाली भाताच्या तुसाचा कोरडा थर द्या. भोवती पत्र्याचे गोल कडे लावा. पहिल्या आठवड्यात पिलाच्या उंचीवर 32 ते 34 अंश ऊब ठेवा. पुढे दर आठवड्याला 3 अंश कमी करा. एलईडी दिव्यावर भिस्त ठेवू नका. तो उजेड देतो, ऊब फारशी देत नाही. शेगडी ठेवाल तर धुराला वाट ठेवा. कोळशाचा धूर माणसालाही मारतो. रात्री पोत्यांचे पडदे सोडा, पण वर वीतभर जागा मोकळी असू द्या.

ऊब बरोबर आहे की नाही, ते पिलेच सांगतात. दिव्याखाली गर्दी केली, तर थंडी वाजते आहे. लांब पळून चोच उघडी ठेवली, तर ऊब जास्त आहे. सगळीकडे पसरून दाणे टिपू लागली, म्हणजे ठीक आहे.

हागवण लागलीच, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मनाने औषध देऊ नका. औषध चालू असले, तरी ऊब हवीच.

म्हणून थंडीत रात्री एकदा उठून पिलांकडे पाहून यावे. झोप थोडी मोडेल, पण पिले हाती लागतील.