एका वेळी एक सूत

मराठी सुताराच्या मापांत ‘सूत’ नावाचे एक माप आहे. इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक म्हणजे एक सूत. मिलिमीटरच्या हिशेबात तीनहून किंचित जास्त. मीटर पद्धत येऊन साठाहून अधिक वर्षे झाली, तरी पावसाळ्यात फुगलेले दार बघायला आलेला मिस्त्री अजूनही ‘अर्धा सूत घासावं लागेल’ असेच म्हणतो. अर्धा सूत ही त्याच्या रोजच्या कामातली बारकाईची हद्द. अशा जगात वावरलेल्या माणसाच्या हाती इंचाच्या हजाराव्या भागाची भाषा करणारी माहितीपत्रके पडली, की तो थोडा बिचकतो. हजारावा भाग म्हणजे सुताचा सव्वाशेवा हिस्सा. तो दिसणार कोणाला आणि मोजणार कोण?

ही माहितीपत्रके ‘राउटर लिफ्ट’ नावाच्या उपकरणाची होती. माझ्या भाच्याचा पुण्याजवळ कपाटे आणि दारे बनवण्याचा छोटा कारखाना आहे. तो धरून चार माणसे. त्याची बहीण अमेरिकेहून येणार होती आणि तिच्या सामानातून ही लिफ्ट आणवावी असा त्याचा बेत होता. “मामा, तुम्ही बँकेत आयुष्यभर लोकांची कोटेशनं वाचलीत. ही तीन वाचा आणि कुठलं घेऊ ते सांगा,” एवढे बोलून त्याने कागद पुढे केले. कोटेशन वाचणे ही खरोखरच एक विद्या आहे. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही ते आधी शोधायचे असते.

आधी राउटर म्हणजे काय ते सांगायला हवे. घराघरांत इंटरनेट वाटणाऱ्या डबीचा याच्याशी काही संबंध नाही. सुताराचा राउटर म्हणजे मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे घेणारी मोटर आणि तिच्या टोकाला धारदार पाते. पात्याला कारागीर ‘बिट’ म्हणतात. पूर्वी फळीची कड गोल करायला एक रंधा, खाच पाडायला दुसरा, नक्षीची पट्टी काढायला तिसरा, असा सुताराचा संसार असे. राउटरमध्ये बिट बदलले की रंधा बदलला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी आर. एल. कार्टर या पॅटर्नमेकरने हातात धरायचे असे विजेचे यंत्र तयार केले. १९२९ मध्ये त्याचा धंदा स्टॅन्ले कंपनीने विकत घेतला. पुढे १९४९ मध्ये जर्मनीतल्या एलू कंपनीने स्प्रिंगवर वरखाली होणारा राउटर आणला. त्याला ‘प्लंज राउटर’ म्हणतात.

हातातले हे यंत्र उलटे करून टेबलाखाली टांगले आणि फक्त बिट टेबलाच्या वर काढले, की झाले राउटर टेबल. आता यंत्र स्थिर राहते आणि लाकूड फिरते. अरुंद पट्ट्या आणि कपाटाच्या दारांच्या चौकटी यांना ही सोय फार मोठी. पण एक अडचण उभी राहते. बिटची उंची कमीजास्त करायची तर मोटर टेबलाखाली. गुडघे टेकायचे, अंधारात हात घालायचा, पकड सैल करायची, मोटर एका हाताने तोलायची आणि दुसऱ्या हाताने आवळायची. आवळताना ती किंचित सरकतेच.

राउटर लिफ्ट या अडचणीवरचा उपाय आहे. टेबलात बसणारी धातूची प्लेट, तिच्याखाली मोटर धरणारी चौकट, ती सरळ वरखाली नेणारे खांब आणि एक मळसूत्र. प्लेटच्या वरून हँडल घालून फिरवले की मोटर वर चढते. गाडीच्या जॅकचेच हे तत्त्व आहे. हौशी लोक खरोखरच गाडीचा जॅक राउटरखाली ठेवून काम भागवतात. उचलण्यापुरते ते ठीक असते. मोटरला आडवे हलू न देणारे आणि एका उंचीवर घट्ट धरून ठेवणारे मात्र जॅकमध्ये काही नसते. लिफ्टचे पैसे पडतात ते त्या दोन गोष्टींचे.

आणि पैसे थोडे नसतात. अमेरिकेत चांगली लिफ्ट राउटरइतकी किंवा त्याहूनही महाग पडते. म्हणून कोटेशनांत न लिहिलेल्या गोष्टींची मी यादी केली.

पहिली गोष्ट विजेची. अमेरिकेतले राउटर १२० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची. लिफ्ट म्हणजे नुसते लोखंड-अॅल्युमिनियम. ती कुठेही चालेल. तिच्या मापाचा राउटर मात्र इथल्या विजेवर चालणारा मिळायला हवा. दुसरी गोष्ट मोटरच्या घेराची. बहुतेक लिफ्ट मोटर तिच्या बैठकीतून बाहेर काढून धरतात. अमेरिकेतल्या मध्यम ताकदीच्या अनेक राउटरांच्या मोटरचा व्यास साडेतीन इंच असतो, मोठ्यांचा सव्वाचारच्या आसपास. प्लंज राउटरची मोटर सहसा बैठकीतून सुटतच नाही. भाच्याकडे होता तो प्लंज राउटर. म्हणजे लिफ्टच्या किमतीत नव्या राउटरची किंमत मिळवायची. आणि हे तिन्ही कोटेशनांत कुठेही नव्हते. दुसरा मार्गही आहे. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायटन कंपनीच्या राउटरांसारख्या काही यंत्रांत वरून हँडल घालून उंची बदलण्याची सोय राउटरच्या पोटातच असते; तिथे वेगळ्या लिफ्टची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट प्लेटची. सव्वानऊ इंच बाय पावणेबारा इंच हे अमेरिकेतले बरेच रूढ माप, पण एकमेव नव्हे. कोपऱ्यांची गोलाईही वेगवेगळी असते. म्हणून प्लेट हातात आल्याशिवाय टेबलाला भोक पाडू नये. आल्यावर तिच्यावर पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून पाहावी. प्लेट मधोमध केसभर उंच असली तर निभते. खोलगट असली तर लाकूड बिटवरून सारख्या उंचीने जात नाही. चौथी गोष्ट कॉलेटची, म्हणजे बिटचा दांडा पकडणाऱ्या चिमटीची. ती प्लेटच्या वर येत असेल तर बिट बदलायला मोटर खाली उतरवावी लागत नाही. इथे आणखी एक धोका आहे. आपल्या बाजारात १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच अशा दोन्ही दांड्यांची बिटे मिळतात. दिसायला सारखी, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या चिमटीत १२ चा दांडा धड पकडला जात नाही आणि तो सुटला तर गोळीसारखा सुटतो.

पाचवी गोष्ट वेगाची. ७५ मिलिमीटर व्यासाचे बिट बावीस हजार फेऱ्यांनी फिरवले तर त्याची कड ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. मोठ्या बिटांना दहा-बारा हजारांवर आणता येईल असाच राउटर हवा. लिफ्ट कितीही भारी असली तरी हे काम ती करत नाही.

राहिला तो हजारावा भाग. सागवान ओले असताना आणि पूर्ण कोरडे झाल्यावर मोजले, तर वार्षिक वलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते. लाकडातला ओलावा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पाच टक्क्यांनी वाढला, तर १०० मिलिमीटर रुंदीची तशी चिरलेली फळी जवळजवळ एक मिलिमीटर फुगते. म्हणजे हजाराव्या भागांच्या भाषेत चाळीस. लाकूडच इतके हलणार असेल तर यंत्राने एका भागाची ग्वाही देऊन काय साधते? तरीही लिफ्ट निरुपयोगी ठरत नाही. एकाच दिवशी, एकाच लाकडात दाराच्या चाळीस पट्ट्यांना खाच पाडायची असेल, तर पहिली आणि चाळिसावी सारखी हवी. त्यासाठी लावलेली उंची न सरकणे महत्त्वाचे. म्हणून मळसूत्रातली ढील पाहावी, शेवटची जुळवणी नेहमी खालून वर येतानाच करावी, आणि कळ आवळण्यापूर्वी व नंतर उंची मोजावी. आवळताना मोटर हलणारी लिफ्ट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

एवढे लिहून मी कारखान्यात गेलो, तेव्हा टेबलावर काम करणाऱ्या मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावर टाक्यांची खूण दिसली. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे. मागच्या पावसाळ्यात पट्टीला १२ मिलिमीटरची खाच पाडताना बिटने लाकूड झटक्याने मागे फेकले आणि हात बिटकडे ओढला गेला. बोट वाचले, महिनाभराचे काम बुडाले. जाणकार सांगतात, की असे खोल काप एका दमात घेऊ नयेत. एका वेळी साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे एक सूत. १२ मिलिमीटरला चार फेऱ्या. “चार फेऱ्या का नाही घेतल्या?” मी विचारले. “साहेब, चार फेऱ्या म्हणजे चार वेळा टेबलाखाली बसायचं,” ते म्हणाले.

माहितीपत्रकांत बारकाई होती, चकचकीत फोटो होते, ही गोष्ट मात्र कुठेच नव्हती. लिफ्टचा खरा फायदा सुताच्या सव्वाशेव्या हिश्श्यात नाही. उभ्याने हँडल फिरवता येत असेल तर माणूस चार फेऱ्या घेतो. अर्थात, लिफ्ट घेतली की धोका टळला असे नाही. लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिटच्या फिरण्याविरुद्धच ढकलायचे. लाकूड दाबून धरणारे फणीसारखे दाबे आणि ढकलायची काठी वापरायची. आणि बिट बदलताना प्लग काढायचा. गुडघ्याने बंद होईल असा ठळक स्विच तर लिफ्टच्याही आधी घ्यायचा.

बँकेत यंत्रांसाठी किती कर्जे मंजूर केली याची गणती नाही. अर्जावर मालकाची सही असे, जामीनदाराची असे, कोटेशनवर विक्रेत्याचा शिक्का असे. यंत्र जो चालवणार त्याची सही कुठल्याच कागदावर नसे आणि कोणी ती मागतही नसे. भाच्याला मी म्हटले, या वेळी ती मागून बघ. त्याने तिन्ही कागद मिस्त्रींपुढे ठेवले, फोनवर लिफ्ट चालवून दाखवणारी चित्रफीतही दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. हजाराव्या भागाबद्दल काही विचारले नाही. हँडल फिरवायला जोर किती लागतो, भुसा मळसूत्रात अडकला तर साफ कसा करायचा, एवढेच विचारले. मग जरा थांबून म्हणाले, “संध्याकाळी उंची लावून गेलो, तर सकाळी ती तिथंच असेल ना?”

सगळ्यात महागडे कोटेशन तिथेच बाद झाले, कारण त्यात उंची धरून ठेवणाऱ्या कळीचा उल्लेखच नव्हता. उरलेल्या दोन कंपन्यांना भाच्याने त्याच रात्री मिस्त्रींचा प्रश्न लिहून पाठवला.