गारवा वाटेतच का मुरतो?

छतावर भलामोठा कूलर, घरभर पत्र्याचा डक्ट, तरीही मागच्या खोलीत घामाच्या धारा! असे होत असेल तर नवा कूलर घेण्याआधी वाऱ्याची वाट तपासून पाहा.

होळी झाली की नागपूर, अकोला, अमरावतीच्या घराघरांत एक ठराविक धावपळ सुरू होते. माळ्यावरून कूलर खाली उतरतो, गंजलेल्या टाकीला रंग लागतो, बाजारातून नव्या ताट्या येतात आणि पंप चालतो की नाही हे पाहायला घरातली मुले भोवती गोळा होतात. भोपाळ, इंदूर, जयपूर, दिल्लीतही हेच दृश्य. मुंबई-गोव्याकडच्या मंडळींना याचे नवल वाटेल, पण कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात कूलर ही चैन नाही, गरज आहे.

पूर्वी खिडकीला एक कूलर लावला की सगळे घर त्याच खोलीत झोपत असे. आता फ्लॅट आले, प्रत्येकाची खोली वेगळी झाली, खिडक्यांबाहेर कूलर टांगायला सोसायट्या परवानगी देईनात. मग गच्चीवर किंवा मागच्या बाल्कनीत एक मोठा कूलर बसवायचा आणि पत्र्याच्या डक्टमधून त्याची हवा तीन-चार खोल्यांत न्यायची, ही पद्धत रुळली. कल्पना उत्तम, खर्चही तीन एसींच्या तुलनेत फारच कमी.

पण पहिल्याच उन्हाळ्यात कुरबुर सुरू होते. हॉलमध्ये वारा इतका, की वर्तमानपत्र हातात धरवत नाही. मधल्या खोलीत बरा. शेवटच्या खोलीत मात्र पडद्याची झालरही हलत नाही. आणि पुष्कळ घरांत ही शेवटची, शांत खोली नेमकी आजी-आजोबांची असते!

ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. उतारवयात घाम कमी येतो, तहान लागल्याची जाणीवही मंदावते, त्यामुळे उष्णतेचा तडाखा आधी वृद्धांना बसतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा स्वतःचा आराखडा तयार केला. शहराचे काम शहराने करावे, पण घरातल्या मागच्या खोलीचा आराखडा घरच्यांनीच करायला हवा.

हवा आली, पण जाणार कुठून?

कूलरचे तत्त्व माठाचेच. पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता शोषून घेते. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४३ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याच्या बळावर ती हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या ताट्यांचा कूलर ती २८ अंशांच्या आसपास आणून सोडतो. हीच किमया पावसाळ्यात होत नाही. तेव्हा तापमान ३५ आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर कूलर फार तर तीन अंश कमी करील आणि वर चिकचिक वाढवील.

म्हणजे कूलरची हवा थंड असते तशी ओलसरही असते. ती खोलीत कोंडली की दुसऱ्यांदा थंड होण्याची तिची ताकद संपते. एसी लावला की दारे-खिडक्या गच्च बंद करायच्या, ही सवय कूलरला नेमकी उलटी पडते. कूलर सतत बाहेरची नवी हवा आत ढकलतो, तेव्हा तेवढीच जुनी हवा बाहेर जायलाच हवी. ती गेली नाही, तर फुगलेल्या फुग्यात आणखी हवा भरण्यासारखा प्रकार होतो. पंखा फिरतो, वीज जळते, वारा मात्र येत नाही.

आजींच्या खोलीचे कोडे पुष्कळदा इथेच सुटते. रात्री डास येतात म्हणून खिडकी बंद, आवाज नको म्हणून दार बंद. मग डक्टच्या जाळीतून वारा येणार कसा? खिडकीला डासांची जाळी लावून घ्या आणि ती थोडी उघडी ठेवा. किती उघडी, याचाही अंदाज आहे. मिनिटाला १००० घनफूट हवा आत येत असेल तर बाहेर जायला साधारण दोन चौरस फुटांची वाट हवी. लहान शयनगृहाला मिनिटाला ६०० घनफूट हवा मिळत असेल, तर चार फूट उंचीची खिडकी चार इंच उघडी ठेवली की पुरते. डासांची जाळी हवेला थोडी अडवते, म्हणून जाळी असेल तर पाच-सहा इंच. ही खिडकी डक्टच्या तोंडाला लागून नको. तशी असेल तर गार हवा खोलीभर न फिरता तिथल्या तिथे पळून जाते. समोरच्या किंवा तिरप्या कोपऱ्यातली खिडकी सर्वांत चांगली.

स्वयंपाकघरात डक्ट न नेणेच शहाणपणाचे. गॅसची ज्योत वाऱ्याने फडफडते, क्वचित विझते, आणि फोडणीचा वास घरभर पसरतो. त्यापेक्षा स्वयंपाकघराला हवेच्या प्रवासातले शेवटचे स्थानक करा. हॉलमधली हवा स्वयंपाकघरातून जाऊन तिथल्या एग्झॉस्ट पंख्याने बाहेर पडू द्या. ओट्यापाशी उभ्या असलेल्या गृहिणीलाही पाठीवर थोडा गारवा लागतो. घरातल्या सर्वांत तापलेल्या जागी तीच तर तासन्‌तास उभी असते!

डक्टचे गणित

आता थोडी आकडेमोड. ती केली की कारागिराशी बोलणे सोपे होते. हॉल १५ बाय १२ फूट, दोन शयनगृहे १२ बाय १० फूट, उंची सगळीकडे १० फूट असे एक घर धरा. हॉलचे १८०० घनफूट आणि शयनगृहांचे प्रत्येकी १२००, मिळून ४२०० घनफूट. कोरड्या भागात दर दोन मिनिटांनी खोलीतली हवा एकदा बदलली तर बरे वाटते. म्हणजे मिनिटाला २१०० घनफूट हवा लागेल. कूलरच्या माहितीपत्रकावर सीएफएम या अक्षरांपुढे जो आकडा असतो तो हाच. मात्र तो बहुधा डक्ट न जोडता मोजलेला असतो. डक्ट जोडला की प्रत्यक्षात हवा कमी मिळते, म्हणून थोडी सढळ निवड करावी.

दुसरी गोष्ट पंख्याची. खिडकीच्या कूलरमध्ये पात्यांचा साधा पंखा असतो. तो समोर मोकळ्या खोलीत भरपूर हवा फेकतो, पण लांब डक्टचा अडथळा आला की त्याचा दम उखडतो. डक्टसाठी ब्लोअरचा कूलरच हवा. जुन्या खिडकीच्या कूलरला डक्ट जोडून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. तो पैसा पाण्यात जातो.

वरच्या घराला मुख्य डक्टचे तोंड सुमारे ३०० चौरस इंचांचे हवे, म्हणजे २५ बाय १२ इंच. पण फॉल्स सीलिंगखाली लपावा म्हणून कारागीर तो चपटा करतात, ३८ बाय ८ वगैरे. क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच, मग बिघडले कुठे? पहिल्याचा घेर ७४ इंच, दुसऱ्याचा ९२. जितका पत्रा जास्त तितके हवेचे घर्षण जास्त, आणि पत्र्याचा खर्चही जास्त. डक्ट जितका चौकोनी तितका चांगला. थोडा दिसला तर दिसू द्या, भिंतीचा रंग दिला की डोळ्यांत भरत नाही.

हॉलची वाटणी झाली की पुढे फक्त १२०० सीएफएम हवा उरते. तिथून डक्ट निमुळता होऊन १७० चौरस इंचांच्या आसपास यायला हवा. शेवटपर्यंत एकच रुंदी ठेवली तर हवेचा वेग मंदावतो. प्रत्येक फाट्यावर एक झडप बसवून घ्या. दिवसा शयनगृहाची झडप अर्धी बंद, रात्री हॉलची, असे करता येते. गंमत म्हणजे पुष्कळ घरांत झडपा असतातच. बसवल्या दिवसापासून त्यांना कुणी हात लावलेला नसतो, एवढेच. मागच्या खोलीत वारा नसेल तर आधी हॉलची झडप थोडी ओढून पाहावी. एक पैसाही खर्च न होता निम्मे काम होऊन जाते.

वळणे मोजकी असावीत आणि गोलाईची असावीत. काटकोनातला तीव्र कोपरा हवेला कित्येक फूट सरळ डक्टएवढा अडवतो. कूलर आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा पट्टा असला की मोटारीची थरथर पत्र्यातून घरभर घुमत नाही. डक्टला कूलरकडे किंचित उतार हवा, म्हणजे आत जमलेले थेंब छताच्या गिलाव्यात न मुरता परत टाकीकडे जातात.

गळतीची परीक्षा तर कुणालाही घरी करता येते. कूलर सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून हळू फिरवा. धूर जिथे फटकन बाजूला होईल तिथे फट आहे. तिथे सिलिकॉन भरावे आणि वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. कापडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी एका उन्हाळ्यात सुकून सुटते. डक्टचा जो भाग गच्चीवर उघड्यावर आहे त्याला उष्णतारोधक आवरण हवेच. दुपारच्या उन्हात तापलेला पत्रा हाताला चटका देतो. २८ अंशांवर निघालेली हवा त्यातून जाऊन गार कशी राहील? कूलरवरही छप्पर किंवा हिरवी जाळी बांधावी, फक्त त्याच्या ताट्यांसमोर हवा मोकळी राहिली पाहिजे.

पाणी, मीठ आणि डास

वर सांगितलेल्या घराचा कूलर कडक उन्हाच्या दुपारी तासाला सुमारे २५ लिटर पाणी पितो. दहा तास चालला तर अडीचशे लिटर. जिथे नळाला दिवसाआड पाणी येते तिथे हा हिशेब आधी मांडावा, नाहीतर कूलर बसवून टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. विजेच्या बाबतीत मात्र तो गुणी आहे. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार तासाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज घेते, तर दीड टनाचा एकच एसी पूर्ण जोरात असताना साधारण दीड युनिट. दोन्ही एकाच वेळी एकाच खोलीत चालवू नयेत. कूलर आणतो तो ओलावा बाहेर काढण्यातच एसीची शक्ती खर्च होते.

बोअरचे पाणी जड असेल तर ताट्यांवर पांढरा थर चढतो, छिद्रे बुजतात, हवा अडते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, म्हणून टाकीतले थोडे पाणी रोज काढून नवे भरावे. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध कशालाही येत नाही, पण त्या लवकर कुजतात. लाकडी गवताच्या ताट्या स्वस्त, त्या दर हंगामात बदलाव्या लागतात. मधाच्या पोळ्यासारखे जाड कागदी पॅड महाग असले तरी काही वर्षे टिकतात, आणि डक्टच्या कूलरला तेच सोयीचे.

आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करायचीच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ब्रशने घासून टाकी उन्हात वाळवावी, मगच पाणी भरावे.

आणि विजेबाबत हयगय नको. लोखंडी अंग, खाली पाणी, वर मोटार असा हा संसार आहे. कूलरला तीन पिनांचाच प्लग आणि पक्के अर्थिंग हवे. मुख्य फलकावर ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. गळती होताच तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. पाणी भरताना कूलर बंद, प्लग बाहेर, पायांत चप्पल. मुलांना "जरा पाइप धर रे" म्हणून गच्चीवर पाठवू नका.

मृगाचा पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की कूलर आवरायला घ्या. एकदा पंप बंद ठेवून नुसता पंखा तासभर चालवा, म्हणजे डक्टची आतली ओल सुकेल. टाकी कोरडी करा, झडपा बंद करा आणि गच्चीवरच्या तोंडाला बारीक तारेची जाळी लावून वरून ताडपत्री बांधा. पुढच्या होळीपर्यंत तिथे कबुतरांचा संसार थाटलेला नसावा.