साडीवर बूट? हो, साडीवर बूटच!



आजचा विषय डोक्याचा नाही, पायाचा आहे. स्कूटरवर बसताना पायात काय घालायचं, हे आज आपण नीट समजून घेऊ.

वालावलहून कुडाळला जायचं म्हणजे दहा-बारा किलोमीटर. एसटीची वेळ आणि आपली वेळ जुळतेच असं नाही. म्हणून घरोघरी स्कूटर आली आणि ती चालवणाऱ्या बायकाही वाढल्या. कुणी अंगणवाडीत जातं, कुणी बचतगटाच्या कामाला बँकेत, कुणी कुडाळच्या बाजारात, कुणी ओरोसला कचेरीत. हेल्मेटचं आता बऱ्याच जणींना पटलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ते सक्तीचंच आहे, चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. पण पायांकडे बघा. दहातल्या किती जणींच्या पायात अंगठ्याची चप्पल असते, हे रस्त्यावर उभं राहून मोजा, म्हणजे कळेल. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘हयसरच तर जावचा आसा, बूट कित्याक?’

तर ‘कित्याक’ ते आधी बघू.

पायाला नेमकं होतं काय?

आपली रोजची गिअर नसलेली स्कूटर शंभर किलोच्या वर भरते. तिच्यावर आपण, पुढे पिशवी, मागे मूल. गाडी चालू असताना तिचा तोल गाडीच सांभाळते. पण वेग कमी झाला, वळण आलं, गाडी थांबली, की तो सगळा भार आपल्या एका पायावर येतो. गाडी तिरकी होते तेव्हा आपण आपोआप पाय टेकवतो. खाली ओला जांभा असेल, शेवाळ असेल, रस्त्याच्या कडेला बारीक खडी साठलेली असेल आणि पायात गुळगुळीत झालेली रबरी चप्पल असेल, तर पाय सरकतो. गाडी त्याच बाजूला येते आणि घोटा खाली सापडतो. यासाठी वेग लागत नाही. आपल्या स्वतःच्या खळ्यात गाडी वळवतानाही हे होतं.

दुसरी गोष्ट घासण्याची. ताशी ३० किलोमीटर म्हणजे आपल्याला अगदी सावकाश वाटतं. पण त्या वेगात गाडी एका सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढे जाते. पडल्यावर चप्पल पहिल्यांदा सुटते आणि उघडा पाय डांबरावर घासला जातो. टाच, घोट्याचं हाड, करंगळी या जागी कातडीखाली मांस फारच कमी असतं. तिथली जखम थेट हाडाजवळ पोचते आणि भरायला वेळ घेते.

तिसरी गोष्ट बोटांची. दगड, कुंपणाचा चिरा, दुसऱ्या गाडीचं फूटरेस्ट यांवर उघडी बोटं आपटतात. नख उलटतं, बोट मोडतं.

चौथी गोष्ट भाजण्याची. गाडी उभी करताना, मागून उतरताना तापलेला सायलेन्सर पोटरीला किंवा घोट्याला लागतो. आपल्याकडे कितीतरी बायकांच्या पायावर हा डाग आहे.

आता विचार करा, पाय मोडला तर पुरुषाला सुट्टी मिळते. बाईला मिळते का? ऐन लावणीत चिखलात कोण उतरणार? विहिरीवर, चुलीपुढे, गोठ्यात कोण उभं राहणार? मोडलेला घोटा आठवड्यात बरा होत नाही. तेवढे दिवस मजुरी बुडते, आणि घरचं काम लेकीवर किंवा सासूवर पडतं. म्हणून बूट ही हौस नव्हे.

कायदा काय म्हणतो?

चप्पल घालून गाडी चालवली तर दंड होतो, असं अधूनमधून मोबाईलवर फिरत असतं. २०१९ मध्ये नवे दंड लागू झाले तेव्हाही ही बातमी पसरली होती. त्या वेळी केंद्रीय परिवहन मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानेच खुलासा केला की चपलेसाठी दंडाची तरतूद नाही. म्हणजे पोलिसाच्या भीतीने बूट घालायचे नाहीत, आपल्या पायासाठी घालायचे आहेत.

कायद्यात आपल्या कामाची एक गोष्ट मात्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं आवरण हवं, असं तो सांगतो. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. पुष्कळ मुलगे मोटरसायकल ‘दिसायला बरी’ म्हणून ते काढून टाकतात. घरच्या गाडीचं काढलं असेल तर आजच परत बसवायला सांगा. साडीचा पदर, ओढणी आणि लहान मुलाची टाच, तिन्ही त्याच चाकात जातात. मागे बसलेल्या मुलाचं पाऊल आऱ्यांत अडकलं, तर टाचेची कातडी सोलून निघते. त्याला पायात चप्पल नको, टाच झाकणारा शाळेचा बूट हवा.

चांगला बूट ओळखायचा कसा?

युरोपात मोटरसायकलच्या बुटांसाठी वेगळं मानक आहे, ईएन १३६३४. त्यात बूट चार गोष्टींवर तपासतात: किती उंच आहे, घासला तर किती टिकतो, धारदार वस्तूने किती लवकर कापला जातो आणि बाजूने दाबला तर किती चेपतो. असा शिक्का असलेले बूट मोठ्या शहरात मिळतात, पण महाग असतात. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्या सगळ्यांनी तेच घ्यावेत असं आम्ही म्हणत नाही. पण त्या चार गोष्टी आपण दुकानात हातानेच बघू शकतो.

पहिली, उंची. बूट घालून घोट्याचं हाड चाचपा. ते बाहेर उघडं राहिलं तर बूट अर्धंच काम करणार. घोटा झाकणारा, म्हणजे साध्या बुटापेक्षा चार बोटं उंच बूट सर्वांत चांगला.

दुसरी, कापड. पातळ जाळीचा स्पोर्ट शूज हवेशीर असतो, पण डांबरावर लगेच फाटतो. चामडं किंवा जाड, दाट विणीचं कापड घ्या. बोटांनी चिमटीत धरून बघा. पोलक्याच्या कापडाइतकं पातळ लागलं तर ठेवून द्या.

तिसरी, पीळ. बुटाचं टोक एका हातात, टाच दुसऱ्या हातात धरा आणि ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर गाडीखाली पायही तसाच पिळला जाणार. मग दोन्ही बाजूंनी मधोमध दाबा. आतल्या बाजूला चटकन चेपता कामा नये.

चौथी, पुढचं टोक आणि टाच. अंगठ्याने दाबून बघा, दोन्ही टणक हवीत.

याशिवाय आपल्या कोकणासाठी दोन गोष्टी आम्ही जोडतो. तळवा रबराचा आणि खोल खाचांचा हवा. आणि टाच सपाट हवी. उंच टाचेचा बूट फूटरेस्टला अडकतो आणि पाय टेकताना घोटा मुरगळतो.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो, तेच खरं माप. मोजे घालून बघा. पुढे अंगठाभर जागा राहू द्या, पण टाच आत वरखाली होता कामा नये. लेस असेल तर तिचं टोक आत खोचता आलं पाहिजे. लोंबती लेस फूटरेस्टमध्ये, मोटरसायकल असेल तर गिअरमध्ये अडकते. चिकटपट्टीचा बूट आपल्याला सोयीचा. देवळात, अंगणवाडीत, शेजारणीकडे दहा वेळा काढघाल करावी लागते.

शेवटी, दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्याच स्कूटरवर तो बूट घालून बसा. दोन्ही पाय टेकवा, गाडी थोडी मागे-पुढे ढकलून बघा. दुकानदार काही म्हणणार नाही, आणि म्हणाला तर दुसरं दुकान आहे.

घरात आहे त्यातलं काय चालेल?

नवा बूट घ्यायला पैसे लगेच हाताशी नसतात, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून पायरी पायरीने बघू.

अंगठ्याची रबरी चप्पल सर्वांत वाईट. ती पायाला फक्त दोन बोटांच्या चिमटीने धरून असते. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिचा चामडी तळवा ओल्या फरशीवर घसरतो आणि मागे पट्टा नसतो. ती लग्नाला घाला, गाडीवर नको.

मागे पट्टा असलेला सँडल चपलेपेक्षा बरा, कारण निदान तो सुटत नाही. बोटं मात्र उघडीच राहतात. शाळेचा काळा बूट किंवा जाड कॅनव्हासचा बूट त्याहून चांगला. लेकीला लहान झालेला बूट आईच्या मापाचा असतो, तो आधी शोधा.

गमबूट अनेक घरांत असतात. चिखलासाठी उत्तम, पण गाडीवर सैल गमबूट पायातून निसटतो आणि घोट्याला आधार देत नाही. घालायचाच तर मापाचा, जाड मोज्यावर.

कारखान्यात घालतात तो सेफ्टी शूज ही एक चांगली निवड आहे. त्यावर आयएसआय खूण आणि आयएस १५२९८ हा क्रमांक बघा. या मानकाच्या दुसऱ्या भागातल्या बुटाचं टोक २०० ज्यूलचा आघात सोसतं, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडावं इतका. तो वस्तू अंगावर पडण्यासाठी बनवलेला आहे, रस्त्यावर घासण्यासाठी नव्हे. पण घोट्यापर्यंतचा घेतला तर रोजच्या स्कूटरला पुष्कळ झाला. बायकांचं माप मागून घ्या. पुरुषी मापाचा एक नंबर मोठा बूट कापूस भरून घालू नका. गिअरची मोटरसायकल चालवणारीने टोक गिअरखाली जातं का हे आधी बघावं.

पावसातलं गणित

आपल्याकडचा पाऊस कुणाला सांगायला नको. बूट भिजला की वास येतो, बुरशी धरते आणि मग आपण पुन्हा चपलेवर येतो. त्यावर उपाय सोपा आहे. भिजलेल्या बुटातला आतला तळवा बाहेर काढा, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबा, दोन तासांनी बदला. चुलीजवळ ठेवू नका. चामडं तडकतं, तळव्याचा डिंक सुटतो. मोज्यांचा एक सुका जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर असू द्या.

पायाला चीर किंवा जखम असेल तर पावसाळ्यात बूट आणखीच गरजेचा. लेप्टोची साथ आपल्या जिल्ह्याला नवी नाही, आणि तो जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटेही शरीरात शिरतो.

आणि एक सवय लावून घ्या. बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटायचा. पडवीत ठेवलेल्या बुटात विंचू किंवा फुरसं बसलेलं असू शकतं. आत हात घालून बघायचं नाही.

मधुमेह असलेल्या मैत्रिणींसाठी खास सांगणं. पायाची संवेदना कमी झाली की चप्पल निसटलेली किंवा सायलेन्सरचा चटका कळतच नाही. त्यांनी बंद बूट, सुती मोजे आणि रोज रात्री पायांची तपासणी चुकवू नये.

‘पण लोक काय म्हणतील?’

हा खरा अडथळा. पैसे नंतर. साडीवर बूट घातला की कोणीतरी हसतंच. त्यावर आमचा तोडगा असा: चपला डिकीत ठेवा. गाडीवर बूट, उतरल्यावर चप्पल. कचेरीत, लग्नात, हळदीकुंकवाला तुम्ही नेहमीसारख्याच दिसाल. साडी नेसून गाडी चालवायची असेल तर पदर कमरेला खोचा आणि निऱ्या घोट्याच्या वर ठेवा, म्हणजे पाय टेकताना त्या पायाखाली येणार नाहीत.

आणि घरातल्यांना एक प्रश्न विचारा. मुलाच्या खेळाच्या बुटाला पैसे निघतात, नवऱ्याच्या कामाच्या बुटाला निघतात. मग सकाळपासून चार फेऱ्या मारणाऱ्या बाईच्या बुटाची पाळी शेवटी का? बचतगटात दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून पाळीपाळीने एकीला बूट, असंही करता येईल.

लागलंच तर

जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, त्यात अडकलेली माती-खडी जाऊ द्या. हळद, चुना, कॉफी भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. सायलेन्सरचा चटका बसला तर वीस मिनिटं थंड पाणी सोडत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. घोटा वाकडा दिसत असेल किंवा पायावर भार देताच येत नसेल, तर चोळू नका, ओढू नका. बुटाची लेस सैल करा, पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन ठेवा आणि १०८ ला फोन करा.

तर मैत्रिणींनो, उद्या सकाळी गाडीची किल्ली घ्याल तेव्हा पायाकडे एकदा बघा. हेल्मेट डोक्यावर, बूट पायात, चपला डिकीत. आणि मागे लेक बसणार असेल, तर तिच्याही पायात बूट आहे ना, ते बघूनच गाडी सुरू करा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.